खालच्यांच्या छताला ओल आली म्हणून

नाशिक, १२ मे

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

खालच्या काकू म्हणतात तुमच्यामुळे आमच्या बाथरूमचं छत ओलं झालं, आणि तू म्हणतेस आमच्याकडे तर सगळं कोरडं ठक्क आहे. दोघींचंही खरं असू शकतं. आपल्या फरशीवर पाणी दिसत नाही म्हणून ते खाली जात नाही असं नसतं, आणि त्यांच्या डोक्यावर ठिबकतं म्हणून ते तुमच्याच नळाचं, असंही नसतं. आधी चाचणी, मग प्लंबर, मग पैशांचं बोलणं. हा क्रम उलटा झाला की सोसायटीच्या सभेत दोन-दोन वर्षं तोच विषय चघळत बसतात.

त्याआधी तातडीचं एक. पाणी दिव्याच्या होल्डरमधून किंवा गीझरच्या पॉइंटजवळून येत असेल तर काकूंना आत्ताच फोन करून त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा खटका, पाडायला सांग. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट राहतो. तुमच्याही बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप वीज तोडणारा खटका, असेल, त्याच्यावरचं ‘टेस्ट’ बटण दाबून बघ. खटका पडला नाही तर तो नुसता शोभेला बसवलाय असं समज आणि बदलून घे. त्यांच्याकडे पीओपीचं छत असून ते फुगलं असेल, तर खाली बादली ठेवून फुगवट्याच्या सगळ्यात खालच्या जागी स्क्रूड्रायव्हरने भोक पाडायचं. काकूंना जिवावर येईल, पण नाही पाडलं तर पाणी पसरत जातं आणि अख्खा तुकडाच खाली येतो.

आता हे पाणी जातं कुठून ते बघ. तुमच्यासारख्या नव्वदच्या दशकातल्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बहुतेकदा बाकीच्या घरापेक्षा ९ इंच ते फूटभर खाली टाकलेला असतो. त्या खड्ड्यातून पाइप नेतात, वर विटांचे तुकडे भरतात, त्यावर कोबा आणि त्यावर टाइल. म्हणजे तुमच्या पायाखाली एक हौदच आहे. टाइलच्या सांध्यांतून नाहीतर जाळीच्या कडेने रोज अर्धा लिटर झिरपलं तरी महिन्याला १५ लिटर त्यात जमा होतं. मग ते पाइपाच्या भोवतीच्या फटीतून, स्लॅबच्या एखाद्या बारीक चिरेतून वाट काढतं. म्हणून थेंब पडतो त्याच्या बरोबर वर दोष सापडेल असं नाही. आणि दोष काढला तरी हौद रिकामा होईपर्यंत आठ-पंधरा दिवस ठिबकतच राहतं. हे काकूंना दुरुस्तीच्या आधी सांगून ठेव. नंतर सांगितलंस तर ती सबब वाटेल.

चाचणीच्या आधी दोन दिवस नुसती नोंद करायची. ठिबकतंय तिथे काकूंनी मापाच्या खुणा असलेली बाटली बांधायची आणि रात्री १० ते सकाळी ६ किती साठलं, सकाळी ६ ते दुपारी २ किती, हे लिहायचं. तुमच्या अंघोळी-धुण्यानंतर तासा-दोन तासांत वाढत असेल तर संशय सांडपाण्याच्या बाजूला, म्हणजे नहाणी ट्रॅप (जाळीखालचा, पाणी निचरतं तो भाग), टाइलचे सांधे किंवा कमोडचा जोड. रात्रंदिवस एकाच गतीने येत असेल तर बहुधा भिंतीतली दाबाची लाइन, म्हणजे नळांना पाणी आणणारा पाइप. बहुधा म्हणते, कारण भरलेला हौदही असाच सावकाश, एका गतीने निचरत राहतो.

दाबाच्या लाइनची खात्री करायला एक रात्र तुमचं पाणी बंद ठेवावं लागेल. आतला कॉक असेल तर सोपं. नसेल तर गच्चीवरच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह, आणि तो सहसा एकट्या तुमचा नसतो, वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या बाथरूमांचा असतो. आदल्या दिवशी सगळ्यांना सांग. तो गनमेटलचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवलेला नसतो. जोर केला की आतली झडप दांड्यापासून तुटून बंद अवस्थेतच अडकते, वरचं चाक मात्र नुसतं फिरत राहतं. रविवारी सकाळी सात घरांचं पाणी गेलं की गळतीचा मूळ विषय बाजूला राहतो आणि तुम्ही पाणी तोडणारे ठरता. व्हॉल्व्हला हात प्लंबरच लावेल, आणि तोही त्याच मापाचा नवा व्हॉल्व्ह पिशवीत घेऊन. पाणी बंद केल्यावर बाटलीतला वेग सकाळपर्यंत निम्म्यावर आला तर भिंतीतला पाइप. त्यातही गीझर बंद करून त्याचा इनलेट कॉक वेगळा बंद करून पाहा, गरम पाण्याच्या लाइनचे एल्बो, म्हणजे वळणावरचे जोड, आधी जातात.

वेग तसाच राहिला तर पाणी भरून ठेवायची चाचणी. ही नीट कर, कारण निकाल हिच्यावर लागतो. टाइल कोरडी असतानाच भिंतीला उंबऱ्याजवळ इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटव, ओल्या टाइलवर टेप टिकत नाही. जाळी काढ, जाड प्लास्टिकच्या पिशवीत फडकं घालून त्याचा बोळा ट्रॅपच्या तोंडात घट्ट बसव. मग फरशीवर इंचभर पाणी. चार बाय सहाच्या बाथरूमला ५०-६० लिटर, म्हणजे तीन बादल्या लागतील. पातळी उंबऱ्याच्या खाली राहू दे. इंचभर पाण्याने स्लॅबवर काही भार येत नाही, कोणी घाबरवलं तर ऐकू नकोस. टेपवर पातळीची रेघ मार. आणि तिथेच एका परातीत पाणी ठेवून तिलाही खूण कर. ही परात विसरू नकोस. चोवीस तासांत थोडं पाणी उडून जातंच. परातीत २ मिलिमीटर कमी झालं आणि फरशीवर ८, तर ६ मिलिमीटर खाली गेलं. परातीशिवाय तुम्ही म्हणाल वाळलं, त्या म्हणतील झिरपलं.

पाण्यात थोडा खाण्याचा लाल रंग टाकता येतो. खाली लाल थेंब आला तर वाद मिटला. पण आला नाही म्हणून तुम्ही निर्दोष ठरत नाही. विटांच्या भरावातून आणि काँक्रीटमधून गाळून येताना रंग अडकून राहतो.

ही चाचणी गुपचूप करायची नाही. आधी कळवायचं, तेही लिहून. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नको, तिथे चौथ्या मजल्यावरचे आजोबाही मत देतात. काकूंना आणि सेक्रेटरींना एवढंच लिही: ‘आमच्या बाथरूममध्ये शनिवारी सकाळी ११ ते रविवारी सकाळी ११ पाणी भरून चाचणी करत आहोत. सुरुवातीला आणि शेवटी आपण दोघांनी कृपया पाहणीस यावे. आपल्या छताची नोंद त्या काळात दर तीन तासांनी व्हावी.’ सुरुवातीच्या पातळीचा फोटो काढताना काकू तिथे उभ्या असू देत. चहा कर. एरवी ज्या पाण्यावरून भांडण, त्यात त्यांनी स्वतः बोट बुडवून बघितलं की बोलण्याचा सूर बदलतो.

खर्चाचं सरळ आहे. सहकार खात्याच्या २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या नमुना नियमांप्रमाणे) पावसाच्या पाण्याची गळती, गच्ची, बाहेरच्या भिंती, बाहेरची सामाईक पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन हे सोसायटीच्या खर्चाने. संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती ज्या फ्लॅटची म्हणून सोसायटी लेखी ठरवेल त्या फ्लॅटधारकाच्या खर्चाने. ‘लेखी’ हा शब्द महत्त्वाचा. काकूंच्या ओळखीच्या प्लंबरने मान वर करून ‘वरचंच आहे’ म्हटलं, ते लेखी ठरवणं नव्हे. तुमच्या सोसायटीने स्वतःचे उपविधी कोणते स्वीकारलेत ते सेक्रेटरींकडून बघून घे. कचाट्यात सापडणारी जागा एकच. तुमचा आडवा पाइप डक्टमधल्या (पाइपांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेतल्या) उभ्या बिडाच्या पाइपाला मिळतो, तो जोड. आडवा तुमचा, उभा सोसायटीचा, जोड कोणाचा? माझ्या मते सोसायटीने करावा, कारण तो डक्टमध्ये असतो आणि तिथे शिडी-परांची लागते. समिती ऐकत नसेल तर निम्मे-निम्मे देऊन मोकळे व्हा. गळतीचा वाद सहकार न्यायालयापर्यंत नेता येतो, पण तोवर काकूंच्या छतातल्या सळया गंजून फुगतील आणि काँक्रीटचे पापुद्रे पडायला लागतील. तो स्लॅब त्यांचं छत आहे तशीच तुमची जमीनही आहे.

काकू चिडून मेंटेनन्स थांबवतो म्हणत असतील तर त्यांना प्रेमाने अडव. थकबाकीवर सोसायटी आपल्या उपविधींप्रमाणे व्याज लावू शकते, २०१४ च्या आदर्श उपविधींत ते २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज होतं, आणि त्याचा गळतीशी काही संबंध लावला जात नाही.

दोष तुमचाच निघाला तर लगेच ‘सगळं फोडावं लागेल’ला मान डोलावू नकोस. आधी स्वस्तातलं. बऱ्याच घरांत खरा गुन्हेगार म्हणजे बाथरूम चकाचक करायला वापरलेलं ॲसिड. टाइल लखलखते, पण सांध्यांतलं सिमेंट ते खाऊन टाकतं. काडेपेटीची काडी सांध्यात टोचून बघ, भुसभुशीत लागलं तर तेच. जुनं ग्राउट, म्हणजे सांध्यांतलं भरण, ३-४ मिलिमीटर खोल खरवडून काढायचं, दोन दिवस बाथरूम पूर्ण कोरडं ठेवायचं, मग एपॉक्सी ग्राउट, आणि त्यानंतर किमान २४ तास पाणी नाही. ओल्या सांध्यात भरलेलं एपॉक्सी धरत नाही, आणि घाईत नेमकं तेच होतं. कमोडच्या मागचा जोडही तपास, फ्लश केल्यावर तिथे टिश्यू पेपर टेकवला की लगेच कळतं.

दुसऱ्यांदा पाणी भरून तरीही पातळी उतरली तरच फोडायचं. तेव्हा टाइल, कोबा आणि भराव काढून स्लॅबपर्यंत जायचं, जुना ट्रॅप पूर्ण बदलायचा. प्लास्टिकच्या पाइपाला सिमेंटचा माल चिकटत नाही, म्हणून पाइप स्लॅबमधून जातो तिथे कडा खरबरीत करून न आकसणारं ग्राउट भरायला लाव. भिंत आणि जमीन मिळते तिथे गोल वाटा काढायच्या, म्हणजे सिमेंटने कोपरा गोल करून घ्यायचा. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला उभा तर दुसरा आडवा, आणि भिंतीवर किमान फूटभर वर, शॉवरच्या बाजूला सहा फूट. यानंतर, टाइल लावण्याआधी, ४८ तास पुन्हा पाणी भरायचं. कंत्राटदार हीच पायरी गाळतो, कारण त्याची दोन दिवसांची मजुरी बुडते. ती त्याच्याशी करायच्या करारातच लिहून घे आणि शेवटचा हप्ता त्याला बांध. फरशीचा उतार ट्रॅपकडे फुटाला ३-४ मिलिमीटर.

फोडकामाच्या वेळा सोसायटीच्या नियमात असतील, दुपारी दोन ते चार मशीन बंद. राबिटच्या, म्हणजे फोडलेल्या मालाच्या, गोण्या लिफ्टमधून नेऊ नका आणि कंपाउंडमध्ये एक रात्रही ठेवू नका. शेजारी गळतीपेक्षा त्या गोण्या जास्त दिवस लक्षात ठेवतात.

काकू रंगाचा खर्च मागतील, तो द्या, पण ताबडतोब नको. ओल्या छतावर रंग लावला की महिन्यात फुगे येतात आणि लोणा फुटतो, मग पुन्हा तुमच्याच नावाने. ठिबकणं थांबल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्या. फूटभर चौकोनी प्लास्टिक छताला चारी कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचं. आतल्या बाजूला दव धरलं नाही तरच रंगारी बोलवायचा. मृग लागायला चार आठवडेही नाहीत, म्हणजे रंगाचं दसऱ्यानंतरच धरा. तारीख आत्ताच सांगून टाक, रक्कमही.

जावईबापूंना सांग, टॉवेलची दांडी लावायला नळाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारायचं नाही, पाइप तिथूनच वर जातो. जेट स्प्रेचा अँगल कॉक वापर झाला की बंद, कारण रात्री वापर कमी असतो आणि टाकी भरलेली, दाब वाढतो तेव्हाच तो नळीचा पाइप फुटतो. आणि पाणी गेलेलं असताना नळ उघडून बघितला तर तो बंद केलाय ना, हे घराबाहेर पडताना हात लावून बघा.

लॉफ्टवर आधीच्या मालकांनी उरलेल्या टाइलचा खोका ठेवला असेल तर खाली काढ. ८ बाय १२ ची ती डिझाइन आता बाजारात मिळायची नाही. शाबूत किती आहेत ते मोजून फोन कर, त्यावर किती फोडायचं ते ठरवू.

तुझी,
आई