चिपळूणच्या पुरातून आमची खाती परत आणणाऱ्या मित्रास

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे येऊ नये ही आपली अट आहे, म्हणून हे पत्र बिननावाने लिहीत आहे. वाचताच ते कोणासाठी आहे हे आपल्याला कळेल.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि आमच्या हार्डवेअरच्या दुकानातील मालाबरोबर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा संगणकही बुडाला. मालाचे नुकसान डोळ्यांना दिसत होते. पण आमचा सारा धंदा उधारीचा, आणि कोणाकडून किती येणे आहे हेच पुसले गेले तर पुन्हा उभे राहायचे कशावर, या विचाराने मला झोप लागत नव्हती. ज्यांना आम्ही बॅकअपसाठी दरवर्षी पैसे मोजत होतो, त्यांनी फोनवर शांतपणे सांगितले की बॅकअप रोज ‘डी ड्राइव्ह’मध्ये जात होता. सी आणि डी हे आमच्या त्या एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग होते. हे त्यांना ठाऊक नव्हते असे मी मानत नाही, आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही याचा राग अजून गेलेला नाही.

आपण चिखल तुडवत आलात, तेव्हा मी ती डिस्क उन्हात ठेवायला निघालो होतो. आपण माझा हात धरलात. डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असते, त्यातून गढूळ पाणी आत गेले असेल तर वाळलेला गाळ आतल्या तबकड्यांना चिकटून बसतो आणि तशात वीज दिली की उरलेसुरलेही खरवडून निघते, असे समजावून आपण ती ओलीच पिशवीत बंद केलीत व स्वतः पुण्याला नेऊन दिलीत.

माहिती परत मिळाली तेव्हाही ‘काम झाले’ म्हणून आपण उठला नाहीत. मिळालेली प्रत बाजूला जपून ठेवून तिच्या नकलेवरून दुसऱ्या संगणकावर डेटा रिस्टोअर केलात, खुर्ची माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, “काका, तोंडपाठ असलेली एखादी बाकी सांगा.” मी वडिलांच्या वेळेपासूनच्या एका गवंड्याचे नाव घेतले, पुराच्या आदल्या संध्याकाळी सिमेंटच्या चार गोण्या नेल्यावर त्यांची बाकी 18,640 रुपये झाली होती. पडद्यावर 18,640 उमटले, खाली त्या चार गोण्यांची नोंदही होती. माझे डोळे भरून आले, तेव्हा आपण माझ्याकडे न पाहता पडद्याकडेच पाहत राहिलात आणि थोड्या वेळाने म्हणालात, “आता दुसरे सांगा.” अशी अकरा खाती आपण माझ्याकडून तपासून घेतलीत. तसे करण्याचे आपल्यावर कोणतेही बंधन नव्हते. समोरच्याची खात्री पटेपर्यंत आपले काम संपत नाही, असे मानणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत.

आता दोन वेगळ्या डिस्कवर बॅकअप होतो आणि त्यांतील एक रोज रात्री टेकडीवरच्या घरी जाते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी स्वतः तो दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून पाहतो, आणि सर्वांत आधी त्या गवंड्याचेच खाते उघडतो.

आपला ऋणी,
बाजारपेठेतील एक हार्डवेअर व्यापारी