झेनोपसच्या सहवासात

महोदय,

पावसाळा आला की आपल्या सदरात बेडकांवर पत्रं येतात. ती डबक्यातल्या बेडकांची. माझे बेडूक काचेच्या टाकीतले. प्रयोगशाळेत साहाय्यक असताना दक्षिण आफ्रिकेतल्या ‘झेनोपस’ बेडकांची देखभाल माझ्याकडे होती. हे जवळजवळ सारं आयुष्य पाण्यातच काढतात. त्यांना जीभ नसते. दाणे टाकले की पंगतीला उशिरा बसलेल्या पाहुण्यासारखे दोन्ही हातांनी तोंडात कोंबतात. कात टाकली की तीही गिळून मोकळे! नळाचं पाणी त्यांना थेट चालत नाही, क्लोरीन निघून जावा म्हणून ते आधीच भरून ठेवावं लागे. झाकण जरा सैल राहिलं की सकाळी एखादा टेबलाखाली सापडायचा, आणि हातात तर ठरायचाच नाही. रात्री नर पाण्याखालून टकटक करत, नव्या रखवालदाराला वाटे कुठलं तरी यंत्र बिघडलं.

गर्भवतीची लघवी टोचली की यांची मादी काही तासांत अंडी घालते. १९३०च्या दशकापासून कित्येक वर्षं गरोदरपणाची चाचणी अशीच होई. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी याच बेडकांवर केलेल्या क्लोनिंगच्या कामासाठी त्यांना २०१२ साली नोबेल मिळालं. त्या दिवशी मी घरी पेढे आणले. बायको म्हणाली, “आणि बेडकांना काय दिलंत?” त्यांना नेहमीचे दाणेच.

– एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, पुणे