कापसाच्या भावाशेजारी पीटीएचा भावही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या व्यापाराच्या पानावर सोने, कांदा, कापूस यांचे भाव नियमित असतात. पण आमच्या भिवंडीच्या मागांवर आज जे कापड विणले जाते त्यात पॉलिस्टरचा वाटा मोठा आहे, आणि त्याचे गणित पीटीए नावाच्या एका पांढऱ्या भुकटीपासून सुरू होते. पीटीए म्हणजे शुद्ध टेरेफ्थॅलिक आम्ल. एक किलो पॉलिस्टरला साधारण ८६० ग्रॅम पीटीए आणि ३४० ग्रॅम एमईजी (मोनो-इथिलीन ग्लायकॉल हे द्रव रसायन) लागते. म्हणजे पीटीए किलोमागे दहा रुपयांनी चढले, की धाग्याचा नुसता कच्चा माल साडेआठ रुपयांनी महागतो. पीटीए होते पॅराझायलीनपासून आणि ते येते खनिज तेलातून, त्यामुळे आखातात तेल भडकले तरी झळ आमच्या बीमला, म्हणजे मागावरच्या ताण्याच्या रुळाला, लागते.

मोठे कारखानदार हे भाव रोज पाहतात. थोडे माग चालवणाऱ्याला ते दलालाच्या तोंडून कळतात, तेही उशिरा. यार्न (धागा) चढले की स्वतःचे यार्न घेऊन विणणारा अडकतो, कारण ग्रे (कोऱ्या, न रंगवलेल्या) कापडाचा सौदा आधीच झालेला असतो. उतरू लागले की व्यापारी आणखी उतरण्याची वाट पाहतो आणि मजुरीवरचे माग थांबतात. कामगाराला ‘मंदी आहे’ एवढेच सांगितले जाते. ज्याची पाळी बुडते त्याला कारण तरी कळायला नको का?

सरकारी निर्णयांचेही तेच. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात पीटीएवरील अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे अतिस्वस्त आयातीला आळा घालणारा जादा कर, रद्द झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये या आम्लावरचा आणि पॉलिस्टर धाग्यांवरचा गुणवत्ता नियंत्रण आदेशही (देशी असो वा आयात, प्रमाणित मालाचीच सक्ती) मागे घेतला गेला. दोन्ही निर्णय आमच्या पोटापाण्याचे, तरी मागवाल्यांत त्यांची चर्चा फारशी झाली नाही. देशी उत्पादकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. हजिरा, पानिपत, हल्दियाचे प्रकल्प स्वस्त आयातीने आजारी पडले तर आपण परदेशी मालाच्या भरवशावर राहू. पण उद्या पुन्हा शुल्काचा विषय निघाला, तर आमच्या संघटनांच्या हातात निदान भावांची नोंद हवी.

म्हणून विनंती, की दर आठवड्याला पीटीए, एमईजी आणि पॉलिस्टर यार्नचे भाव शेजारी शेजारी छापावेत. तीन ओळींची जागा पुरेल. कच्चा माल उतरूनही यार्न का उतरले नाही, हे मग आम्हाला आकड्यांनिशी विचारता येईल.

– एक यंत्रमागधारक, भिवंडी