हाडांच्या खोलीतल्या मामांना

मामा,

हे पत्र लिहायला मला 12 वर्षं लागली.

ऑस्टिऑलॉजीच्या, म्हणजे हाडांच्या अभ्यासाच्या, तोंडी परीक्षेची आदली संध्याकाळ. कवटीचा तळ काही केल्या डोक्यात शिरत नव्हता, मी रडकुंडीला आले होते. खोली बंद करायची वेळ झाली होती, तरी तुम्ही किल्ली परत खिशात टाकलीत, वरच्या फळीवरची एक कवटी काढलीत आणि उलटी करून माझ्या ओंजळीत ठेवलीत. म्हणालात, "पुस्तक मिट. आधी एक बाजू बघ, मग दुसरी."

उजवीकडे सगळं चित्रातल्यासारखं: फोरामेन ओव्हेल हे लांबट छिद्र, त्याच्यामागे बाहेरच्या अंगाला स्पायनोसम हे इवलंसं छिद्र. डावीकडे मात्र ओव्हेलच्या पुढे, आतल्या अंगाला आणखी एक छिद्र. तुम्ही त्यात झाडूची काडी अलगद सरकवलीत आणि तिचं टोक कवटीच्या आत निघालं. ते व्हेसॅलियसचं छिद्र. कवटीच्या आतल्या कॅव्हर्नस सायनसला, म्हणजे अशुद्ध रक्ताच्या पोकळीला, बाहेरच्या शिरांच्या जाळ्याशी जोडणारी बारीक शीर त्यातून जाते. कुणाला ते दोन्हीकडे असतं, कुणाला एकीकडेच, कुणाला मुळीच नसतं.

दुसरी कवटी त्याहून दुर्मीळ. लॅटरल टेरिगॉइड प्लेट या हाडाच्या पातळ पाकळीपासून कवटीच्या तळातल्या स्फेनॉइड हाडाच्या काट्यापर्यंत एरवी लिगामेंट, म्हणजे चिवट बंध, असतं. तिच्यात तिथे हाडाचा अख्खा पूल होता, ओव्हेलच्या अगदी खाली. हाडं पुसता पुसता तुम्ही अशा कवट्या निवडून वेगळ्या ठेवल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला.

आज मी ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे, म्हणजे चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नर्व्हमधून उठणाऱ्या असह्य कळांचे, रुग्ण बघते. गालावर वाऱ्याची झुळूक लागली तरी कळवळणारी माणसं. कळा थांबवायला गालातून सुई घालून ओव्हेलमधून त्या नर्व्हपर्यंत जायचं असतं. ती चुकून व्हेसॅलियसच्या छिद्रात शिरली तर रक्तस्रावाची भीती. पूल आडवा आला तर वाटच अडते. म्हणून मी आधी सीटीचे पातळ काप बघते, एक बाजू, मग दुसरी.

गेल्या महिन्यात एका बाईंच्या दुखऱ्या बाजूलाच तो पूल दिसला. सुईचा बेत सोडला, कानामागून शस्त्रक्रिया करून नर्व्हवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला केली. काही दिवसांनी त्यांनी गार पाण्याचा हबका मारून तोंड धुतलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

त्या संध्याकाळी तुमची शेवटची गाडी चुकली होती, हे मला फार उशिरा कळलं. तिच्याबद्दल आणि त्या दोन कवट्यांबद्दल मनापासून आभार, मामा.

तुमची,
एक विद्यार्थिनी