किड्यांची रसायनशाळा

महोदय,

पाऊस सुरू झाला की आमच्या दांडिया बाजारात दिव्याखाली किड्यांचा सडा पडतो. परवा नातवाने एक हिरवा किडा चिरडला आणि घरभर उग्र वास सुटला. ‘आजोबा, हा वास येतो कुठून?’ या प्रश्नापायी आयुष्य वेचणारे कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर मला आठवले. जन्म १९२९, बर्लिन. हिटलरमुळे कुटुंब परागंदा झालं, काही वर्षं उरुग्वेत काढली. पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हयात गेली. त्यांनी अभ्यासलेल्या बॉम्बार्डियर भुंगेऱ्याच्या पोटात एका कप्प्यात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड या रसायनांचं मिश्रण असतं. मुंगी चावली की ते पुढच्या कप्प्यात विकरांना (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्याने घडवणारी द्रव्यं) भेटतं, नि १०० अंशांचा फवारा, ठक ठक, सेकंदाला सुमारे ५०० ठोक्यांनी, नेमका मुंगीवर! (आमच्या गॅसच्या लायटरला हे जमत नाही.) जोडीला रसायनशास्त्रज्ञ मित्र जेरॉल्ड माइनवाल्ड होतेच, एकाने किडा पाहायचा, दुसऱ्याने त्याचा रस तपासायचा.

आपल्याकडे प्राणिशास्त्रवाला रसायनवाल्याच्या दारात जातो का? सयाजीबागेत प्राणी बघायला शाळांच्या सहली येतात. त्यांना पावसाळ्यात तासभर पानाखालचे किडेही दाखवावेत, भिंगासकट. भिंगं आणायला मी तयार आहे.

– एक निवृत्त शिक्षक, वडोदरा