रेकॉर्डचा ‘निर्माता’ म्हणजे कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत ट्रिप हॉपवर (हिप-हॉपच्या संथ ठेक्यांवर उभ्या ब्रिटिश संगीतप्रकारावर) आलेल्या लेखात पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडच्या जेफ बॅरो यांना ‘बँडचे निर्माते’ म्हणून एका ओळीत उरकले आहे. मराठीत निर्माता म्हटला की पैसे लावणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. बॅरो आणि बँडच्या गायिका बेथ गिबन्स यांची ओळख मात्र झाली ती १९९१ साली, स्वतःचा व्यवसाय काढू पाहणाऱ्या बेरोजगारांसाठीच्या ब्रिटिश सरकारी योजनेच्या वर्गात!

ब्रिस्टलच्या कोच हाउस स्टुडिओत बॅरो टेप ऑपरेटर (ध्वनिमुद्रणाच्या टेप सांभाळणारे मदतनीस) होते आणि मॅसिव्ह अटॅक या बँडच्या ‘ब्लू लाइन्स’ या अल्बमचे काम तिथे चालू असताना पडेल ते काम करत त्यांनी ध्वनिमुद्रण जवळून पाहिले. पुढे पोर्टिसहेडचा पहिला अल्बम ‘डमी’ (१९९४) करताना त्यांनी जे केले, त्यातच रेकॉर्डच्या निर्मात्याचे खरे काम दिसते. गिटारवादक एड्रियन अटली यांच्यासह वाजवलेले तुकडे आधी मुद्रित करायचे, त्यांच्या तबकड्या काढायच्या, त्या स्टुडिओच्या जमिनीवर टाकून त्यांच्यावरून चक्क चालायचे आणि मग ओरखडे पडलेली ती तबकडी टर्नटेबलवर (तबकडी वाजवायच्या यंत्रावर) लावून तिचे सॅम्पल घ्यायचे, म्हणजे तिच्यातला तुकडा उचलून नव्या गाण्यात वापरायचा, असा हा उद्योग होता. सुईखालची ती खरखर कुठल्या अडगळीतल्या रेकॉर्डची असावी असे वाटते. प्रत्यक्षात ते वादन नुकतेच झालेले असते. लेखात म्हटल्याप्रमाणे जुन्या रेकॉर्डमधून उचललेले भागही त्यात आहेत, संगीतकार लालो शिफ्रिन आणि गायक आयझॅक हेज यांचे तर सहज ओळखू येतात, पण सगळा अल्बम उसनवारीवर उभा आहे, हे लेखकाचे म्हणणे मान्य होण्यासारखे नाही. ब्रिटनमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला दिले जाणारे मर्क्युरी पारितोषिक १९९५ मध्ये ‘डमी’ला मिळाले, याचा लेखात उल्लेखही नसावा, हे खटकले.

१९९७ च्या दुसऱ्या अल्बमनंतर तिसरा यायला ११ वर्षे लागली, आणि त्यात बॅरो यांनी स्वतःचीच लोकप्रिय झालेली टर्नटेबलची भाषा जवळजवळ टाकून दिली. मधल्या काळात, २००१ मध्ये, त्यांनी ‘इन्व्हाडा’ हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड प्रकाशित करणारी कंपनी, काढले. पुढे बेन सॅलिसबरी यांच्याबरोबर ‘एक्स माकिना’सारख्या चित्रपटांचे पार्श्वसंगीत केले. (लेबलपुरते त्यांना पैसे लावणारे म्हणायला माझी हरकत नाही.)

पुढच्या वेळी ‘निर्माते’ हाच शब्द ठेवायचा असेल, तर निदान त्यापुढे ‘ध्वनिरचनाकार’ असे जोडावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक