निवृत्तीच्या वर्षीच बाजार कोसळला तर?

महोदय,

1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य शासनाच्या सेवेत आलेल्या शिक्षक, ग्रामसेवक आणि लिपिकांची म्हातारपणाची पुंजी राष्ट्रीय पेन्शन योजनेमार्फत बाजाराशी जोडली गेली आहे. जुनी पेन्शन की नवी, यावर मार्च 2023 च्या संपापासून गावोगाव बोलले जाते. परंतु हा पैसा कोण, कोठे आणि कोणत्या नियमांनी गुंतवतो, याची चौकशी आमच्या तालुक्यात फारशी होत नाही.

खरे तर विदर्भाने ती सर्वांत आधी करावयास हवी. 2002 च्या होम ट्रेड या दलाल कंपनीच्या प्रकरणात नागपूर आणि वर्धा जिल्हा बँकांनी सरकारी रोख्यांसाठी पैसे मोजले, पण रोखे हाती आलेच नाहीत; त्याच दलालाकडे नाविकांच्या भविष्य निर्वाह निधीचाही पैसा बुडाला. नागपूरच्या खटल्याचा निकाल लागला तो थेट डिसेंबर 2023 मध्ये. आज पेन्शन निधी नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार गुंतवणूक करणारा व्यवस्थापक, रोखे सांभाळणारा अभिरक्षक आणि देखरेख करणारा न्यास हे तिघे वेगळे असतात. कोणत्याही सुधारणेच्या नावाखाली ही विभागणी सैल होता कामा नये.

केवळ पतमानांकनावर, म्हणजे कंपनी कर्ज फेडेल की नाही याच्या श्रेणीवर, विसंबणेही पुरेसे नाही. 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणारी, उच्च मानांकनाची कंपनी काही आठवड्यांत थकबाकीदार ठरली आणि पेन्शन व भविष्य निर्वाह निधींचा पैसा तिच्यात अडकला.

मला अधिक काळजी वाटते ती निवृत्तीच्या वेळेची. जानेवारी 2020 मध्ये 42,000 पर्यंत गेलेला सेन्सेक्स 23 मार्चला 26,000 च्या खाली बंद झाला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मूळ पर्यायात (स्वतः निवड न केल्यास लागू होणाऱ्या) तेव्हा समभागांना 15 टक्क्यांची मर्यादा होती, म्हणून त्यांना झळ कमी बसली. पेन्शन योजनेच्या बिगरसरकारी सभासदांना मात्र ऑक्टोबर 2025 पासून काही योजनांत पूर्ण रक्कमही समभागांत ठेवता येते. वयानुसार समभाग कमी करणारे पर्याय उपलब्ध आहेत, पण स्वतः वाटप ठरवणाऱ्याला ते लागू होत नाहीत. जिनिंगमधल्या मुनिमाने किंवा खासगी शाळेतल्या शिक्षकाने अशा घसरणीतच पैसे काढले, तर पुढे बाजार सावरल्याचा त्याला काहीच उपयोग नाही.

त्यामुळे सभासदाने लेखी नकार दिला नसेल, तर निवृत्तीपूर्वीच्या पाच वर्षांत समभागांचा वाटा टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे बंधन प्राधिकरणाने घालावे. तसेच एकरकमी रक्कम लगेच न काढता पुढे ढकलता येते, ही माहिती निवृत्तीच्या वर्षभर आधी प्रत्येकाला मराठीतून, टपालाने घरी पाठवावी.

— एक निवृत्त शिक्षक, दारव्हा (जि. यवतमाळ)